झाकणवाली आजी

६ जानेवारी

आजी,

आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

मी कामावर रजा टाकून एका ध्यानकेंद्रात आले आहे. शहरापासून तीन तास लांब. इथे कोणी कोणाशी बोलत नाही. फोन आल्याबरोबर काढून घेतला, तो कचेरीत कुलपात आहे. पहाटे उठायचं, डोळे मिटून बसायचं आणि श्वास येतो-जातो तेवढा बघायचा. माझं दहा दिवसांचं मौन बारा तारखेला सुरू होईल. मौन नसेल तेव्हा पत्र लिहायची मुभा आहे. मौनात आलेली पत्रं दाराजवळच्या लाकडी पेटीत पडून राहतात, मौन सुटलं की मिळतात. अगदीच निकड असेल तर पाकिटावर ‘तातडीचे’ असं लिहायचं. मग ते बसलेल्या माणसाला उठवून पत्र हातात देतात.

का आलीस म्हणून विचारशील. थकले होते, एवढंच समज. काम खोलीतूनच, कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. जरा शांत व्हावं म्हटलं.

तू कशी आहेस? खोलीचं ठीक आहे ना? तो कारकून परत आला होता का?

तुझी टिटवी

११ जानेवारी

टिटवे,

रागावून झालं.

मला एक कळत नाही. तू एकटी होतीस, बोलायला माणूस नव्हतं, म्हणून तुला बरं वाटेना. त्यावर उपाय काय काढलास, तर आणखी लांब जाऊन आणखी कोणाशी बोलायचं नाही. पाय दुखतो म्हणून दुसराही मोडून घेण्यातला प्रकार. आणि गप्प बसायला शिकवायला तिथे माणसं ठेवली आहेत म्हणे. लहानपणी तुला गप्प करायला मी एकटी पुरत नव्हते. चार दारं पलीकडे ऐकू जायचीस, म्हणून तर टिटवी नाव पडलं.

मौन मला सांगू नकोस. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकोणतीस वर्षं काढली. यंत्रांच्या घरघरीत स्वतःचं शिंकणं ऐकू येत नसे. सकाळी तोंड मिटायचं ते सुट्टीच्या भोंग्याला उघडायचं. पण आमच्या मौनात समोर माणूस असायचं. चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकं तिने धरायची, दोन मी. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकाला टोक द्यायचं. चादर जमिनीला लागली की परत धुवायला, असा नियम. माझी जोडीदारीण एकोणीस वर्षं माझ्या समोर होती. दिवसातून शेकडो वेळा आम्ही एकमेकींकडे चालत यायचो. तिच्या तोंडाला लसणाचा वास असे आणि ती डाव्या पायाने जरा ओढत चालायची. तिची एवढीच ओळख मला पुरत होती.

आता घरच्या चादरीची घडी मी हनुवटीखाली धरून घालते. जमते. खालची टोकं जमिनीला लागतात, पण आता परत पाठवणारं कोणी नाही.

कारकून येऊन गेला. नियम तुला ठाऊक आहेच, तरी सांगते, म्हणजे श्वास बघताना मध्येच आठवेल. इस्पितळाच्या वसाहतीतली ही खोली दोन माणसांची. कामावरून निवृत्त झालेल्या बाईला राहता येतं, पण दुसरं माणूस राहत असेल तरच. एकटी सापडली की खोली जाते आणि तिची रवानगी एकट्या बायकांच्या हॉलमध्ये. बारा खाटा ओळीने. तू जाऊन चार वर्षं झाली, तुझं नाव अजून रजिस्टरात आहे. तुझ्या जुन्या चपला मी दाराशी ठेवते, दुसरी खाट घालून ठेवते आणि तुझा ब्रश रोज सकाळी नळाखाली ओला करते. कारकुनाने ब्रशला बोट लावून पाहिलं. विचारलं, नात कामावर गेली का? म्हटलं, या वेळी माणसं कामावरच असतात, तुम्ही नाही का आलात? गेला बिचारा.

तुझ्या बापाचं पत्र नाही. तो समुद्रापलीकडे गेला तेव्हाच मी त्याचा ब्रश टाकून दिला, ते बरं केलं.

बस निवांत.

आजी

१७ जानेवारी
(पाकिटावर मोठ्या अक्षरांत: तातडीचे)

टिटवे,

गोल डब्याचं झाकण सापडत नाही. उंच डब्याचं त्यावर बसत नाही. तू मागे आलीस तेव्हा कुठे ठेवलंस? लगेच कळव.

आजी

२५ जानेवारी

आजी,

सातव्या दिवशी, सगळे डोळे मिटून बसलेले असताना, एक ताई माझ्याजवळ आली आणि खांद्याला हात लावला. तिच्या हातात तुझं पाकीट होतं. मला बाहेर नेलं, पाण्याचा पेला दिला, बाकावर बसवलं. ती माझा हात धरून शेजारी बसली. माझ्याने पाकीट फाडवेना. मला वाटलं तू गेलीस, आणि शेजारच्या कोणीतरी तुझ्या वहीतला पत्ता काढून लिहिलं. शेवटी तिने फोडलं आणि मला वाचून दाखवलं. झाकण.

ती हसली नाही. मला हसायला आलं आणि मग इतकं रडू आलं की उरलेले तीन दिवस मी नुसती भिंत बघत बसले. सगळं केलेलं पाण्यात गेलं. आजी, तुला गंमत वाटली असेल. पुन्हा तो शब्द पाकिटावर लिहू नकोस. मी हात जोडून सांगते. गुरुजींनीही समज दिली की हा शब्द मरणाधरणासाठी ठेवला आहे.

तुला वाटतं मी नाटक करते आहे, म्हणून इथे का आले ते आता सांगते. नोव्हेंबरमध्ये मला सहा दिवस ताप होता. दार वाजलं नाही. रोज दीडशे माणसांशी बोलत होते आणि एकानेही माझं नाव विचारलं नव्हतं. सहाव्या दिवशी मी आमच्याच कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ वाट पाहिल्यावर एक मुलगी बोलली, काय तक्रार आहे? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, तक्रार नसेल तर मला फोन ठेवावा लागेल. मला ते वाक्य पाठ आहे. मीच रोज म्हणते.

तुला का नाही लावला, असं म्हणशील. मी निघाले तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, जायचं तर जा, पण रडायला फोन करू नकोस. मी तेवढं पाळलं.

आता मला थोडं बरं वाटतं. म्हणून १० फेब्रुवारी ते २६ मार्च असं पंचेचाळीस दिवसांचं मोठं मौन घेते आहे. तूही रोज दहा मिनिटं बसून बघ. काही करायचं नाही, काही धरायचं नाही. श्वास फक्त बघायचा.

झाकण मी पाहिलेलं नाही.

टिटवी

३ फेब्रुवारी

टिटवे,

बरं. नाही लिहिणार तो शब्द. कानाला खडा.

तापाचं वाचलं. दोनदा वाचलं. दारात मी काय बोलले ते मला आठवतं. तू जिना उतरताना वळून बघशील तर मी रडेन, म्हणून बोलले. तू वळली नाहीस, म्हणजे बोललेलं कामाला आलं. आता चार वर्षांनी त्याची पावती आली.

तू सांगितलंस म्हणून बसले. डोळे मिटले. पहिल्या मिनिटाला नळ टपकतो ते ऐकू आलं. दुसऱ्या मिनिटाला वरच्या बाईने खुर्ची ओढली. मग काहीच नाही. तुम्हाला ते शांत वाटत असेल. मला वाटलं, मी मेले तर हे असंच राहील, नळ टपकत राहील. डोळे उघडले आणि नळाला चिंधी बांधली. धरायचं नाही म्हणतेस. टिटवे, ज्याच्या हातात काही असतं त्याला सोडायला शिकवावं. माझ्या हातात आहे तरी काय? एक किल्ली आणि एक ओला ब्रश.

पण तुला बरं वाटतंय ना, मग बस. मी काही आड येणार नाही.

आजी

२६ फेब्रुवारी

टिटवे,

हे पत्र वेगळं आहे. यात टोमणा सापडला तर तो सवयीने पडला असं समज.

कारकून बदलला. नवा आला आहे, तरुण, चष्मा लावून बोलतो कमी आणि बघतो जास्त. सगळ्या खोल्यांची नव्याने तपासणी आहे. आता नुसतं रजिस्टरातलं नाव चालणार नाही. २० मार्चला सकाळी अकरा वाजता दोन्ही माणसं खोलीत हजर पाहिजेत आणि दोघांनी त्याच्यासमोर सही करायची. नाही केली तर दोन दिवसांत खोली रिकामी.

तू ये.

हे दोन शब्द लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, आणि त्याचा मला फार ताठा होता. आता मागते. एका दिवसासाठी ये. सही कर, हवं तर माझ्याशी बोलूही नकोस, तुझं मौन मोडायला नको. बोट दाखवशील तिथे मी चहा ठेवीन. दुपारी परत जा.

त्या हॉलची मला भीती वाटते, हे तुला कधी सांगितलं नाही. माझी जोडीदारीण शेवटी तिथेच होती. आमच्या वसाहतीपासून पायी दहा मिनिटं. मी दोन वर्षांत दोनदाच गेले. वेळ मिळत नाही म्हणायची. वेळ सगळाच रिकामा होता. मला ती ओळ बघवत नसे. बारा खाटा, बारा बायका, प्रत्येकीचं तोंड आपापल्या भिंतीकडे. ती गेली त्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं की झोपली आहे. जेवणाची ताटं आली तेव्हा कळलं. ताट परत नेलं म्हणे, वाया जाऊ दिलं नाही. ज्या बाईकडे मी एकोणीस वर्षं चालत गेले, तिच्याकडे मला दहा मिनिटं चालवलं नाही. तेव्हा मला कळलं की माणूस गर्दीत जास्त एकटं मरतं. इथे निदान नळ माझा आहे.

पाकिटावर मी तो शब्द लिहीत नाही. तुला वचन दिलं आहे. तरी पंचेचाळीस दिवसांत एखादे वेळी ती पेटी कोणी उघडत असेल, कोणी म्हणत असेल की या मुलीला पत्र आलंय, देऊन टाका. माणसंच आहेत ना तिथे.

२० मार्च, अकरा वाजता.

आजी

२७ मार्च

आजी,

काल संध्याकाळी मौन सुटलं. ताईने पेटी उघडली. माझं एकच पत्र होतं.

मी लगेच फोन मागून घेतला. तुझा बंद होता. वसाहतीच्या पहारेकऱ्याला लावला. तो म्हणाला, बावीस तारखेला हातगाडीवरून सामान नेलं. मग हॉलच्या वॉर्डनबाईंना लावला. त्या म्हणाल्या, आजी ठीक आहेत, पण भेटायला येणाऱ्याचं नाव आजींनी आधी यादीत लिहून द्यावं लागतं. त्यांच्या यादीत कोणाचंच नाव नाही. त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालीस, मग बघू.

आजी, तो शब्द का नाही लिहिलास? मी रागाच्या भरात बोलले होते. तुला खरंच वाटलं मी या पत्रासाठीही रागावले असते?

तुला एक सांगायलाच हवं. शेवटचे पंधरा दिवस इथे सगळ्यांविषयी माया धरून बसतात. आधी सगळ्यात जवळच्या माणसाला डोळ्यांसमोर आणायचं आणि म्हणायचं, तुला सुख मिळो, तुझी भीती जावो. मी रोज तुला आणत होते. वीस तारखेला सकाळी अकरालाही मी तिथेच बसले होते आणि तुझ्यासाठी तेच म्हणत होते. तेव्हा तुझं पत्र माझ्यापासून वीस पावलांवर होतं. मी काल मोजली.

मला माफ कर. यादीत माझं नाव लिही. मी सामान बांधून बसले आहे. आपण दोघी मिळून दुसरी खोली बघू. मी कायमची येते.

टिटवी

४ एप्रिल

टिटवे,

माफी मागू नकोस. मागितलीस की द्यावी लागते, आणि सध्या माझ्याकडे शिल्लक नाही.

वीस तारखेला मी सगळं केलं. तुझी खाट झटकली, चपला पुसून दाराशी ठेवल्या, ब्रश ओला केला. चष्मेवाला बरोबर अकराला आला. म्हटलं, बसा, येईल इतक्यात. चहा दिला. मी जिन्याकडे कान लावून बसले. दोनदा पावलं वाजली, दोन्ही वेळा वरच्या बाईची. तो साडेबारापर्यंत थांबला. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. शेवटी उठला आणि हळू आवाजात म्हणाला, आजी, ब्रश ओला आहे, पण चार वर्षांत त्याचा एक केस वाकलेला नाही. मी एकोणतीस वर्षं चादरींवरचे डाग शोधले, कोणाला दिसणार नाहीत असेही. आणि हे मला सुचलं नाही. एकदा तरी त्या ब्रशने भांडं घासायला हवं होतं.

तो शब्द का लिहिला नाही, म्हणून विचारतेस. तूच तो काढून घेतलास. मी त्याची गंमत केली म्हणून काढून घेतलास, हेही खरं. तेव्हा दोघींनी दोन दोन टोकं धरली होती असं समज. फोनही केला होता. मार्चच्या दहाव्या तारखेला, तुमच्या कचेरीत. तुझी ती ताई असेल, फार मऊ आवाज. म्हणाली, कोणी गेलं आहे का? म्हटलं, नाही. आजारी आहे का? म्हटलं, नाही. मग म्हणाली, झाकणवाल्या आजी तुम्हीच का? टिटवे, मी आयुष्यात खूप ऐकून घेतलं आहे, पण मला एवढी शरम कधी वाटली नव्हती. मी फोन ठेवून दिला. खोलीचं सांगायचं राहूनच गेलं.

झाकणाचं आता सांगते. ते हरवलं नव्हतं. डब्यावरच होतं. सहा दिवस झाले होते, तुला कोणी हाक मारत नसेल असं वाटलं. कोणीतरी तुला उठवावं आणि माझं नाव घ्यावं, एवढंच मनात होतं.

तू माझ्यासाठी सुख मागत होतीस, ते पोचलं नाही. पत्ता बदलत होता.

इथे माझी खाट सातवी. जोडीदारणीची कुठली होती ते मी विचारलं नाही. सकाळी सगळ्याजणी आपापली चादर घडी करतात, हनुवटीखाली धरून. बाराच्या बारा. कोणाचंही टोक उचललेलं नसतं. परवा शेजारची बाई आली, म्हणाली, धरू का दुसरी बाजू? म्हटलं, नको. ती परत गेली. जाताना तिचाही पाय ओढत होता, पण या वयात सगळ्यांचाच ओढतो.

दुपारी मी खाटेवर ताठ बसते आणि डोळे मिटते. वॉर्डनबाई बाकीच्यांना सांगते, आजींना बघा, ध्यान करतात, शिका काही. मी श्वासबीस बघत नाही. मी खोलीवर जाते. कडी जरा वर उचलून सरकवते, नाहीतर अडकते. डाव्या हाताला नळ, त्याला चिंधी. मग माझी खाट. मग तुझी. तुझ्या खाटेशी आले की पुढे काही नसतं, तिथून परत फिरते. दहा मिनिटं होतात. तू म्हणाली होतीस तेवढीच.

कायमची येते, दुसरी खोली बघू, असं लिहिलंस. तू तापाने फणफणली होतीस तेव्हा मी आले नाही. माझी खोली गेली तेव्हा तू आली नाहीस. आता दोघींनी धावत सुटायचं आणि गळ्यात पडायचं, हे मला जमणार नाही. मी इथे माझ्या रागाशी अजून नीट बसलेले नाही. तुला पंचेचाळीस दिवस लागले, मलाही लागतील. मी आजपासून मौन घेतलं आहे. यादीत तुझं नाव लिहिलं आहे, पण समोर तारीख घातली आहे. पंचेचाळीस दिवस झाल्यावर पहिला रविवार. चार ते पाच. त्याआधी आलीस तर मी खाली येणार नाही. त्याआधी पत्र आलं तर ते वॉर्डनबाईच्या खणात राहील, मी तसं सांगून ठेवलं आहे.

मात्र पाकिटावर तातडीचे असं लिहिलेलं असेल तर ते खणात टाकू नका, कुठेही असले तरी मला उठवून हातात द्या, हेही सांगितलं आहे. तिने विचारलं, म्हणजे मरणाधरणाचं ना? म्हटलं, ते विचारायचं नाही. झाकणाचं असलं तरी द्यायचं.

आजी